मुकं बोलणं

फाटकातून आत शिरायच्या आधी ऋजुताने मिहिकाला कडेला घेतलं, तिचे केस मागे सारले आणि दोन्ही कानांतले कानू पुन्हा एकदा तपासले. दोन्हींवर हिरवा ठिपका होता. म्हणजे नीट बसलेत आणि चालू आहेत.

"आई, आत्ताच तर गाडीत बघितलंस!" मिहिका म्हणाली.

"गाडीत बघितलं ते गाडीतलं. इथे स्पीकर बघ केवढे आहेत."

"ताई, तू आज गाणं ऐकायला आलीयेस की पोरीचे कान?" मागून सौमित्र म्हणाला. "चल, पुढे हो. आपल्या मागे अख्खी सांगली उभी आहे."

सौमित्र तिचा धाकटा भाऊ. त्याच्या बाजूला फारूक भडंगाच्या पिशव्या छातीशी धरून उभा होता. मिहिकाने फारूककडे बघून ओठ हलवले. आवाज काही नाही, नुसतेच ओठ, भुवया आणि हातवारे. फारूकनेही लगेच गंभीर चेहरा करून तसंच उत्तर दिलं. दोघं हसत सुटले. हा त्यांचा जुना खेळ होता. मिहिका त्याला 'मुकं बोलणं' म्हणायची. शाळेतून काहीतरी नवीन शिकून आली असेल म्हणून ऋजुताने त्याच्याकडे कधी फारसं लक्ष दिलं नव्हतं.

मिरजेहून दंडोबाच्या डोंगराकडे जाताना ही जुनी दगडखाण लागते. वर्षानुवर्षं खडी काढून डोंगराचा जो लचका तुटला, त्यातच आता पायऱ्या कोरून खुलं नाट्यगृह केलं होतं. तिन्ही बाजूंनी काळा कातळ, समोर रंगमंच आणि त्याच्या मागे मावळतीचं आभाळ. कातळाला दिवसभराचं ऊन लागलेलं, त्यामुळे पायरीवर बसलं की खालून उबदार वाटायचं. तरी ऋजुताने मिहिकाच्या खाली शाल अंथरली आणि पाण्याची बाटली, स्वेटर, औषधाचं पाकीट आणि कानूंची जादा जोडी हाताशी काढून ठेवली.

"एवढ्या सामानात तर मी महिनाभर हिमालयात राहून येईन," सौमित्र म्हणाला.

"तुला नाही कळायचं."

त्याला ते खरोखर कळलं नसतं असंही नाही. मिहिका सातव्या महिन्यातच जन्मली होती. कितीतरी दिवस ती काचेच्या पेटीत होती. तिच्या कानांच्या तपासण्या पुन्हा पुन्हा होत होत्या आणि प्रत्येक वेळी डॉक्टर कागदाकडे बघत गप्प व्हायचे. शेवटी कान ठीक निघाले. "पण नाजूक आहेत, जपा," असं डॉक्टर जाता जाता म्हणाले. ते 'जपा' ऋजुताने जन्माचं गाठीला बांधलं.

म्हणून कर्णरक्षक बाजारात आले तेव्हा पहिल्या काही गिऱ्हाइकांत ती होती. खोक्यावर नाव कर्णरक्षकच छापलेलं, पण पोरांनी आठवड्याभरात त्याचं कानू करून टाकलं. हरभऱ्याच्या घाट्याएवढी वस्तू. रस्त्यावरचे हॉर्न, डोक्यावरून भिरभिरत सामान नेणारी ड्रोनं, मिरवणुकीतल्या साउंडच्या भिंती, या सगळ्यांतून येणाऱ्या ध्वनिलहरीला कानू नेमकी तिच्या उलटी लहर भिडवायचा आणि दोन्ही एकमेकींना खाऊन टाकायच्या. उरायचं ते माणसाचं बोलणं, पाखरं, शाळेची घंटा. शहरातली मुलं लहानपणीच ऐकू कमी येण्याची तक्रार घेऊन दवाखान्यात यायला लागली, तेव्हा शाळांनी कानू गणवेशातच धरले. ऋजुताचं घर तर हमरस्त्यावरच. मिहिका फक्त झोपताना आणि अंघोळीला ते काढायची.

पुढे त्यात चाळणीची सोय आली. मिहिका बालवाडीच्या बसमधून एक दिवस अशी काही शिवी घरी घेऊन आली की ऋजुताच्या हातातली कढई सुटता सुटता राहिली. त्याच रात्री तिने फोनवर चाळणी चालू केली. जाड, मध्यम आणि बारीक अशा तिच्या तीन जाळ्या होत्या. 'बारीक'च्या पुढे 'लहान मुलांसाठी शिफारस' असं लिहिलेलं होतं. ऋजुताने दुसरीकडे पाहिलंसुद्धा नाही. कानाशी आलेला शब्द आत सोडायचा की नाही हे कानू पापणी लवायच्या आत ठरवायचा. नको असलेला आवाज काढून टाकला की तिथे भोक पडल्यासारखं वाटू नये म्हणून आजूबाजूचा, वाऱ्याचा, भांड्यांचा, पंख्याचा आवाज ओढून तिथे भरायचा. उत्तम रफूगाराने कपडा शिवावा तसं. त्यानंतर घरी एकही शिवी आली नाही. ऋजुताला फार बरं वाटलं होतं.

दिवे मंदावले आणि खाणीत एकदम आरोळी उठली.

'बिनपरवाना' बँड मंचावर आला होता. म्हणजे दोघीच. मागे ढोलकीवाला आणि ड्रमवाला होते, पण लोक यायचे ते या दोघींसाठी. एक चंद्राक्का. मुलगा म्हणून जन्मल्या, पण आपण बाई आहोत हे त्यांना कळत्या वयापासून ठाऊक होतं. घरच्यांनी बाहेर काढलं, तेव्हा जोगतिणींच्या मेळ्याने जवळ केलं आणि हातात चौंडकं दिलं. बगलेत धरून तार छेडायची, की चामड्यातून हुंदक्यासारखा आवाज उमटतो, ते वाद्य. दुसरी शलाका. पुण्यात इंजिनिअर होता होता रॉक गिटार वाजवायला लागलेली, कातरलेल्या केसांची, हसरी. आपलं प्रेम एका बाईवर आहे हे तिने पहिल्याच मोठ्या कार्यक्रमात माइकवरून सांगून टाकलं होतं आणि मग पुढच्या गाण्याचा सूर धरला होता.

"ती बघ, ती बघ माझी लेक!" फारूक उभाच राहिला. शलाकाच्या गळ्यात भोपळ्याची गिटार होती. फारूकच्या घरचे पिढ्यान् पिढ्या तानपुरे आणि सतारी घडवत आलेले. त्यांच्याच भोपळ्यावर त्याने विजेची गिटार चढवली होती. वाकवलेल्या लाकडावर अजून पॉलिशची चमक होती.

"खाली बस, लोकांना दिसू दे," सौमित्र त्याचा शर्ट ओढत म्हणाला.

"लोकांना काय दिसायचंय? गिटारच बघायला आल्यात सगळे," फारूक म्हणाला, पण बसला.

पहिलं गाणं सुरू झालं. चौंडक्याच्या हुंदक्यावर गिटार चढत गेली आणि सगळ्या खाणीने ठेका धरला. ऋजुताच्या अंगावर काटा आला. कॉलेजात ती आणि सौमित्र गच्चीवर बसून ही गाणी ऐकायचे. सौमित्रने फारूकबद्दल पहिल्यांदा सांगितलं तेही त्याच गच्चीवर. पुढे आण्णांनी, त्यांच्या वडिलांनी, घरात बोलणंच टाकलं, तेव्हा ऋजुता म्हणाली होती, "फारूक दिवाळीला येणार नसेल तर मीही येणार नाही." ती दोन दिवाळ्या गेली नाही. तिसऱ्या दिवाळीला आण्णांनी स्वतः फोन करून फारूकला बोलावलं. आता तर दोघांचं नोंदणी पद्धतीने लग्नही झालं होतं.

मिहिका मांडीवर भडंग घेऊन डोलत होती. तिला सगळी गाणी पाठ होती. ऋजुताने शेजारी बसलेल्या या तिघांकडे पाहिलं आणि आजच्या दिवशी काही एक कमी नाही असं तिला वाटलं. असं वाटणं तिच्या बाबतीत क्वचितच घडायचं. लगेच तिने मिहिकाच्या कानांतले हिरवे ठिपके पाहून घेतले.

तीन-चार गाणी झाल्यावर चंद्राक्का थांबल्या. घोटभर पाणी प्यायल्या आणि मंचाच्या कडेला पाय सोडून बसल्या.

"लेकरांनो, दम खाऊ द्या जरा म्हातारीला," त्या म्हणाल्या. खाण हसली. "लई वर्सांमागं, मी पोरगं म्हणून शाळंत जायची. गुरुजी हजेरीला नाव घ्यायचं आन् मला वाटायचं, ह्ये कुणाला हाक मारत्यात? माझ्या आईला मी सांगितलं, आये, मी पोरगी हाय. आई गप झाली. वीस वर्सं गप झाली. आन् एक दिस तिनं मला लुगडं पाठवलं. चिठ्ठी न्हाई, निरोप न्हाई. नुसतं हिरवं लुगडं."

कुणीतरी नाक ओढलं. सौमित्रने फारूकचा हात धरला.

मिहिकाने जांभई दिली. "आई, त्या आजी मधेमधे थांबतात का?"

"थांबत नाहीयेत. बोलताहेत की."

"नाही, थोडंसं बोलतात, मग मुकं बोलतात, मग परत बोलतात. 'हिरवं लुगडं' तेवढं आलं."

ऋजुता मुलीकडे बघतच राहिली. पेटी, काच, कागदाकडे बघणारे डॉक्टर, सगळं एका क्षणात परत आलं. 'नाजूक आहेत, जपा.' आपण जपलं नाही का? एवढ्या मोठ्या आवाजात आणायला नको होतं का?

तिने मिहिकाच्या डोक्यामागे तोंड नेलं आणि अगदी हळू विचारलं, "घरी गेल्यावर आइस्क्रीम हवं?"

"केशरपिस्ता!" मिहिका म्हणाली.

म्हणजे ऐकू येत होतं. दुसऱ्या बाजूने हळू विचारलं, त्याचंही उत्तर आलं. मग हे काय होतं?

"ताई, काय झालं?" सौमित्रने विचारलं.

"काही नाही. नंतर सांगते."

पण नंतरच्या गाण्यांत तिचं लक्ष लागेना. ती मुलीचा चेहरा वाचत बसली. मिहिका ठेका धरत होती, शब्द म्हणत होती, हसत होती. सगळं ठीक होतं, आणि तरी कुठेतरी टाका चुकला होता.

शेवटी शलाकाने हात वर केला. मंचाशेजारच्या मुलीने एकेक बटण दाबत सगळी यंत्रं बंद केली. गिटारची वायर काढली गेली, माइक बाजूला झाले. उंच स्पीकरांवरचे दिवे विझले. खाणीत पाचोळा सरकलेला ऐकू येईल अशी शांतता झाली.

मिहिका उठून उभी राहिली. "पाटी! आता पाटी!"

'पाटी' हे गाणं बिनपरवाना नेहमी शेवटी म्हणत आणि ते उघड्या गळ्यानेच. सुरुवातीच्या दिवसांत एका गावात काहींनी मुद्दाम वीज तोडून कार्यक्रम बंद पाडायचा घाट घातला होता, तेव्हा दोघी खाली उतरून लोकांमध्ये जाऊन गायल्या होत्या. तेव्हापासूनचा हा रिवाज. तिसरं कडवं म्हणायच्या वेळी दोघी थांबतात आणि सगळे लोक ते म्हणतात. शेवटचा माणूस म्हणायला लागेपर्यंत ते कडवं फिरत राहतं.

दोघी पायऱ्यांवर आल्या. चंद्राक्कांनी तार छेडली.

"पायरी दगडाची, उंबरा सागाचा,
दारात उभा गं, बाप माझा रागाचा…"

मिहिकाचा बारीक, स्पष्ट आवाज सगळ्यांबरोबर मिसळला. दुसरं कडवंही तिने न चुकता म्हटलं. मग तिसरं आलं आणि दोघी गप्प झाल्या. खाणभर माणसांनी ते उचललं.

"दाराला पाटी गं, पाटीवर दोन नावं,
तिच्या नि माझ्या गं, जिवाचं एक गाव…"

मिहिका मात्र डोळे मिटून गुणगुणत होती. हं हं हंहं, हं हं हंहं. सूर पक्का, शब्द एकही नाही.

घरीही ती असंच करायची. ऋजुताला ते गोड वाटायचं. तिने त्याचा व्हिडिओ काढून घरच्या ग्रुपवर टाकला होता. 'आमच्या बाईंना तिसरं कडवं काही येत नाही', असं वर लिहून. सगळ्यांनी हसऱ्या चेहऱ्यांची रांग लावली होती. फक्त सौमित्र आणि फारूकने काही पाठवलं नव्हतं, हे तिला आत्ता आठवलं.

ऋजुताने मुलीच्या उजव्या कानाला हात लावला. स्पीकर बंद आहेत, असं तिने स्वतःला बजावलं. आणि जे तिने घराबाहेर आजवर कधी केलं नव्हतं ते केलं. कानू काढला, स्वतःच्या कानात बसवला, आणि दुसऱ्या कानात बोट घालून दाबून धरलं.

चंद्राक्कांची तार ऐकू आली. कातळावरून सरकणारा वारा ऐकू आला. भडंगाची पिशवी चुरचुरली तीही. समोर शेकडो तोंडं उघडत होती, मिटत होती आणि त्यातून एक शब्द येत नव्हता. सौमित्र अगदी दोन हातांवर होता. मान मागे टाकून, डोळे भरून तो गात होता. त्याच्या गळ्याची शीर फुगलेली दिसत होती. ऐकू येत होता तो नुसता वारा. उत्तम रफू. कुठे जोड दिसत नव्हता.

आणि त्याच वेळी मिहिका गुणगुणायची थांबली. तिने उघड्या कानावर हात नेला, काढला, परत नेला. डोळे मोठे मोठे होत गेले.

"आई! ते मुकं बोलत नाहीयेत!"

ऋजुताला ते ऐकू आलं आणि नाहीही. तिने आपल्या कानातला कानू काढला, मुलीच्या डाव्या कानातलाही काढला आणि दोन्ही मुठीत धरले. आता गाणं सगळीकडून आलं. 'पाटीवर दोन नावं.' पुन्हा. 'पाटीवर दोन नावं.' गाणं फिरतच होतं, कारण अजून एकजण ते म्हणत नव्हता.

मिहिका तोंड उघडं टाकून ऐकत होती. मग तिचे ओठ हलायला लागले. आधी 'पाटी', मग 'दोन नावं', मग अख्खी ओळ. फारूकने चमकून तिच्याकडे पाहिलं. ती त्याच्या तोंडाकडे बोट दाखवत ओरडली, "तुमच्या दारावर पण आहेत! दोन नावं! मी वाचलीयेत!"

"आहेत की गं," फारूक म्हणाला.

कार्यक्रम संपला तरी लोक लगेच उठले नाहीत. चहावाले पायऱ्यांवरून फिरत होते. ऋजुताने मूठ उघडून दोन कानू सौमित्रसमोर धरले आणि सगळं सांगितलं. फोनवर चाळणीचं पान उघडलं, तर बारीक जाळीखाली शिव्या, मारामाऱ्या आणि 'संवेदनशील कौटुंबिक विषय' असे शब्द होते. हे कौटुंबिक विषय म्हणजे भांडणं, घटस्फोट असे असतील, असं तिने त्या रात्री धरलं होतं. धरलं म्हणजे काय, तिने तेवढं वाचलंही नसेल. शिफारस आहे म्हटल्यावर दाबलं.

"म्हणजे इतके दिवस…" सौमित्र म्हणाला आणि थांबला.

"अगं ताई, आम्हाला वाटायचं तिला आवडत नाही," फारूक हळूच म्हणाला. "लग्नानंतर मी एकदा तिला सांगितलं, मिहू, मी आता तुझ्या मामाचा नवरा झालो. ती नुसती बघत राहिली माझ्या तोंडाकडं. मग खुदकन हसली न् खेळायला पळाली. सौमित्रला म्हटलं, असू दे, लहान हाय, नको आता सारखं काढायला. मग तिनं ते मुकं बोलणं काढलं. मला वाटलं चिडवती. मीही चिडवायला लागलो."

"चिडवत नव्हते काही!" मिहिका म्हणाली. "मला वाटलं तुला तसं बोलायला आवडतं. सौमूमामालापण. मला तेवढंच नीट येत नव्हतं." मग तिला काहीतरी आठवलं. "आणि त्या जिलेबीच्या दिवशी तर सगळेच मुकं बोलत होते. आण्णाआजोबासुद्धा!"

जिलेबीचा दिवस म्हणजे लग्नाचा दिवस. नोंदणी करून आल्यावर घरीच जेवण होतं. आण्णा कधी नव्हे ते उभे राहिले होते. हातात जिलेबीची ताटली तशीच धरून ते अडखळत चार वाक्यं बोलले होते. आपण उशीर केला, आपलं चुकलं, आता हे दोन मुलगे माझे, असं काहीसं. सगळे रडले होते. मधोमध बसून मिहिका एकटीच आनंदाने जिलेबी खात होती, आणि ऋजुताला वाटलं होतं, किती बरं आहे, हिला यात काहीच वेगळं वाटत नाही.

ऋजुताने तोंड हातांत लपवलं. "सौम्या, मी भांडले रे तुमच्यासाठी. आणि माझ्याच घरात, माझ्याच हाताने…"

"ए, रडू नकोस." सौमित्रने तिच्या डोक्यावर टपली मारली, पण त्याचेही डोळे धड नव्हते. "आण्णांनी बोलायला किती वर्षं लावली? हिने ऐकायला तीन लावली. आपल्या घराण्याच्या मानाने लवकरच झालं म्हणायचं."

ती रडता रडता हसली. फारूकने चहाचा कप तिच्या हातात कोंबला.

मिहिकाला या सगळ्यात फारसं काही दुःखाचं दिसत नव्हतं. उलट कपाटाच्या मागे सारलेलं खेळण्यांचं खोकं सापडावं तशी ती खुशीत होती. ती फारूकच्या मांडीवर चढून बसली.

"फारूकमामा, तू आजपर्यंत जे जे मुकं बोललास, ते सगळं परत बोलशील?"

"सगळं?"

"सगळं. जिलेबीच्या दिवसापासून."

"त्याच्याही आधीपासून सांगावं लागंल मग," फारूक म्हणाला. "तुझा हा मामा आमच्या दुकानात आला होता, म्हणे तानपुरा दुरुस्त करायचाय. तानपुऱ्याला काही झालेलंच नव्हतं."

"तार तुटली होती!" सौमित्र म्हणाला.

"तोडली होती."

"आई, ऐक, ऐक! मामाने तार तोडली होती!"

तो सांगत राहिला आणि ती मधे मधे प्रश्न विचारत राहिली. ऋजुता चहा पीत ऐकत होती. वारा सुटला होता, तरी स्वेटर घालायची आठवण तिला झाली नाही. मिहिकाचे कान उघडे होते, लहान, गुलाबी, कानूंच्या कडांचे बारीक वळ उमटलेले. इतक्या दिवसांत हे कान तिने उजेडात नीट पाहिलेच नव्हते. ते नाजूक होते हे खरं. पण जपायचं म्हणजे काय जपायचं, हे आपण कुणाला ठरवू दिलं होतं?

गाडीकडे जाताना तिने कानू पर्समध्ये टाकले. ते फेकून द्यायचे नव्हते. हमरस्ता उद्याही तिथेच असणार होता, ड्रोनं आणि हॉर्नही. गोंगाट अडवायला ते हवेच होते. चाळणी मात्र तिने उभ्या उभ्याच बंद केली. चालताना तिला एक गोष्ट लख्ख दिसली. सोमवारी मिहिका वर्गात जाऊन बसेल, तेव्हा बाकी सगळ्या मुलांच्या कानांत बहुधा तीच बारीक जाळी असेल. तिच्यासारख्याच काळजी करणाऱ्या आयांनी रात्री उशिरा, शिफारस बघून दाबलेली. पालकांच्या ग्रुपवर लिहायला हवं. काय लिहायचं, कोण काय म्हणेल, हे सगळं आत्ताच डोक्यात गर्दी करायला लागलं होतं.

मिहिका दोन मामांचे हात धरून मधून लोंबकळत चालली होती. तिसरं कडवं आता तिला चांगलंच आलं होतं आणि ती ते थांबवायला तयार नव्हती. गाडीपाशी आल्यावर मात्र ती अचानक गप्प झाली.

"काय गं? कान दुखतोय?" ऋजुताने लगेच विचारलं.

"नाही." मिहिका विचारात पडली होती. "आई, आमच्या वर्गात ती नवीन मुलगी आलीये ना, ईशिता? बाई तिला घरची माहिती सांगायला उभी करतात, तेव्हा तीपण मुकं बोलते. खूप वेळ बोलते. मग आम्ही सगळे हसतो आणि ती खाली बसते."

मिहिकाने वर बघितलं.

"आई, ती काय सांगत असेल गं?"